सोयरीक मान्य, हुंडा नाही

(पेण आणि रोहा तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



आज बोलायचा विषय मुंबई आहे. पेण-रोह्याच्या बैठकीत मुंबई कशाला, भातखरेदीचे बोला, खारबांधाचे बोला, असे कोणी म्हणेल. तेच बोलणार आहोत. पण आमच्या भाताचे आणि बांधाचे गेल्या शंभर वर्षांत जे झाले, ते मुंबईचा हिशेब मांडल्याशिवाय समजत नाही, म्हणून सुरुवात मुंबईपासून.

मुंबईच्या भोवती सरकारने एक रेषा आखलेली आहे. रेषेच्या आत जे येते त्याला मुंबई महानगर प्रदेश म्हणतात आणि १९७५ सालापासून त्याचा कारभार एमएमआरडीए पाहते. सुरुवातीला आमच्या पेण तालुक्याचा एक तुकडा तेवढा या रेषेत होता. २०१९ साली रेषा पुढे सरकली. उरलेले पेण आत आले, अलिबाग, पनवेल, खालापूरचे राहिलेले भागही आत आले आणि प्रदेशाचे क्षेत्र साधारण ६३०० चौरस किलोमीटर झाले. रोहा मात्र बाहेर राहिले. आंबा नदीला आणि कुंडलिकेला ही रेषा ठाऊक नाही, उधाणाच्या भरतीलाही नाही. पण यापुढे पेणच्या शेतकऱ्याला एका दारात उभे राहायचे आहे आणि रोह्याच्या शेतकऱ्याला दुसऱ्या. दोघे एकमेकांपासून तुटले की दोघांनाही गुंडाळणे सोपे जाते, हे वेगळे सांगायला नको.

२०२४ साली नीती आयोगाने या प्रदेशाचा आर्थिक आराखडा पुढे ठेवला. मुंबई प्रदेशाचे उत्पन्न १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायचे, असे त्यात म्हटले आहे. शहराची वाढ, राहणीमान, दीर्घकालीन प्रादेशिक सहकार्य, असे शब्द अशा कागदांत नेहमी असतात. शब्दांना आमची हरकत नाही. सहकार्य हा शब्द तर आम्हाला फारच आवडतो, कारण आवणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात राबल्याशिवाय आमची लावणीच पुरी होत नाही. पण आज मी तुझ्या शेतात आलो तर उद्या तू माझ्या शेतात यायचे, हा तिथला नियम आहे. मुंबईच्या शेतात आम्ही शंभर वर्षे राबतो आहोत. मुंबई आमच्या बांधावर कधी आली, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

रोह्याची गोष्ट आधी घेऊ. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. हे पाणी कुंडलिकेचे नाही. ते घाटावरच्या मुळशीचे आहे. मुळशीला धरण बांधून पाणी सह्याद्रीवरून खाली सोडले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना आणि आगगाड्यांना. त्या धरणात आपली गावे जातात म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह धरला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, आणि तरीही पन्नासएक गावांची जमीन पाण्याखाली गेली. वीज करून झाल्यावर उरलेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यातून ते कालव्यात जाते, रोहा-माणगावची उन्हाळी भातशेती त्यावर होते, कारखाने त्यावर चालतात, आणि हल्ली सकाळी पाणी सुटले की शहरातली पोरे त्यावर रबरी होड्या घालून ओरडत जातात.

म्हणजे मावळचा शेतकरी बुडाला, मुंबई उजळली आणि रोह्याला उरलेले पाणी मिळाले. रोह्याच्या शेतकऱ्याने या सौद्यात नशीबच काढले, असे म्हणावे लागेल. पण हे पाणी त्याच्या हक्काचे नाही, दुसऱ्याच्या गरजेतून सांडलेले आहे. कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी पोचत नाही ही ओरड जुनी आहे. ती ऐकायला बांधील असा कोणी नाही, कारण पाण्याचा मूळ हिशेब विजेचा आहे, भाताचा नाही. वर धाटावच्या रासायनिक कारखान्यांनंतर खाली नदीचे काय होते हे खाडीवरच्या कोळ्यांना विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव लागलेले आहे. नदी दुसऱ्याच्या पाण्याने भरते आणि दुसऱ्याच्या मळीने नासते.

आता पेण. भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचे धरण झाले. लाभक्षेत्र म्हणून खाली आमची गावे नकाशावर रंगवली. आज सिडको या धरणातून नवी मुंबईच्या वसाहतींसाठी दिवसाला सुमारे १५ कोटी लिटर पाणी नेते आणि ते २७ कोटी लिटरपर्यंत वाढवण्याचे काम हाती घेतले आहे. त्याच पेण तालुक्यात वाशी-शिर्कीच्या खारेपाटात उन्हाळा आला की बायाबापड्या टँकरची वाट बघतात. तिन्ही बाजूंनी खाडीचे पाणी, वरच्या अंगाला धरण, आणि हंडा रिकामा. बाळगंगेवर सिडकोच्या पैशाने दुसरे धरण २००९ साली सुरू झाले. तिथल्या गावांच्या पुनर्वसनाचे भांडण इतकी वर्षे चालले आहे की तेव्हा शाळेत जाणारी मुले आज बैठकीत बोलायला उभी राहतात.

या लाभक्षेत्राला एकदा मात्र मोठा मान मिळाला. पेण, उरण, पनवेलच्या ४५ गावांतील सुमारे १० हजार हेक्टर जमीन महामुंबई सेझसाठी घ्यायचे घाटत होते. त्यात पेणची २२ गावे हेटवण्याच्या लाभक्षेत्रात होती. प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसे आमच्याबरोबर रस्त्यावर आली आणि सरकारला या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. २१ सप्टेंबर २००८ हा तो दिवस. जमीन द्यायची की नाही असे शेतकऱ्याला मतपत्रिकेवर विचारले जाणे ही या देशात नवलाची गोष्ट होती. शेतकऱ्यांनी फार मोठ्या बहुमताने नकार दिला आणि पुढे तो सेझ बारगळला. आपल्या जमिनीबद्दल आपल्याला विचारता येते, विचारले तर आभाळ कोसळत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. एवढे होऊनही कालवे जिथे होते तिथेच राहिले आणि टँकर यायचे ते येतच आहेत. नकाराचे मत दिल्याने पाणी मिळत नाही.

गंमत बघा, भूदानाचे विनोबा आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. जमीन मागायला ते देशभर पायी गेले, लोकांच्या दारात उभे राहिले आणि दिली तेवढीच घेतली. त्यांच्या तालुक्यात आता जमीन मागायला कोणी येत नाही. अधिसूचना येते.

मुंबईच्या पलीकडे दुसरी मुंबई झाली तेव्हा आमच्या शेजाऱ्यांचे काय झाले ते आम्ही जवळून पाहिले आहे. १९७० साली सिडको आली. ठाणे-रायगडच्या ९५ गावांची जमीन घेतली. दर असा की आज सांगितला तर पोरे हसतील. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच माणसे गेली. दि. बा. पाटील उभे राहिले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना १९९० साली निघाली. ज्या घरांत माणूस गेला त्यांनी मिळवलेले हे साडेबारा टक्के सगळ्यांना मिळाले. ज्याने भूखंड राखला त्याची पुढची पिढी तगली. ज्याने बिल्डरला चार पैशांत लिहून दिला तो आज त्याच इमारतीत पहारेकरी आहे. अशी घरे उलवे-जासईच्या बाजूला आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत.

त्यानंतर २०१३ साली नैना आली. आता म्हणतात, जमीन संपादन नाही, नगररचना योजना आहे, ४० टक्के भूखंड तुम्हाला परत. साडेबारापेक्षा ४० मोठे, हे आम्हालाही कळते. पण उरलेल्या ६० टक्क्यांत कोणाचा रस्ता, कोणाची बाग आणि कोणाची विक्री, हे ठरवताना शेतकरी टेबलाच्या कोणत्या बाजूला बसलेला असतो? मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणमधील १२४ गावांचे सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे दिले. कर्नाळा, साई, चिरनेर अशी नावे त्याला आहेत, लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. हजारो हरकती गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाचा अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. विरार-अलिबाग महामार्ग आमच्या बलवलीकडे यायचा आहे. समुद्रावर २१ किलोमीटरचा पूल बांधता येतो, आणि २०११ साली सुरू केलेले पळस्पे ते इंदापूरचे ८४ किलोमीटर रस्त्याचे रुंदीकरण एका तपाहून अधिक काळ रखडते. ज्या रस्त्याने जमिनीकडे यायचे तो लवकर होतो, ज्या रस्त्याने माल आणि माणूस जायचा तो होत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही विकासाच्या विरुद्ध आहात. मुळीच नाही. मुंबईशी आमची सोयरीक आहे. आमची अर्धी घरे तिथल्या पगारावर चालतात. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचे घाटले तेव्हा केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडून आले ते चिंतामणराव देशमुख रोह्याचे आणि कुलाब्याचे खासदार. मुंबई आपली राहावी म्हणून आमच्या माणसाने खुर्ची सोडली, तेव्हा मुंबईवर प्रेम करायला आम्हाला कोणी शिकवू नये.

आणि शहर मोठे झाले तर आमचे भलेही होते. पेणचा गणपती पाहा. हमरापूर-जोह्याच्या घराघरांत वर्षभर मूर्ती होतात, मुंबईला जातात, परदेशात जातात. पापड, मिरगुंडे जातात. वाल जातो, कलिंगड जाते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तोही जातो. शहरात जेवढे खिसे भरतील तेवढा आमचा माल खपेल. मूर्ती विकली तर पुढच्या वर्षी पुन्हा विकता येते. जमीन एकदाच विकता येते. शहराशी पहिल्या प्रकारचा व्यवहार वाढवायचा, हेच आमचे म्हणणे आहे.

पण मग शेतकरी जमीन विकतो का? कोणी डोक्याला बंदूक लावलेली नसते. विकतो, कारण भात परवडत नाही. एक पीक, मजुरी न झेपणारी, आणि खारेपाटात तर बांध फुटला की तेही नाही. भरतीला बांधाला खांड जाते, खारे पाणी आत शिरते. खारभूमी खात्याचा पैसा येईपर्यंत दोनतीन पावसाळे जातात. तोवर शेतात तिवरे उगवतात. तिवरे उगवली की कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीवरची बंदी पक्की केली. किनाऱ्याला कांदळवन हवे, हे आम्ही नाकारत नाही, मासळीची वीण तिथे होते हे कोळ्याला शिकवायला नको. पण सातबारावर नाव आमचे आणि जमिनीवर जंगल सगळ्यांचे, असा हा प्रकार झाला. अशा जमिनीचा मालक, दलाल आला की पहिल्या दराला हो म्हणतो. शेती तोट्यात राहिली म्हणून जमीन स्वस्त मिळते, आणि जमीन स्वस्त मिळते म्हणून शहराला वाटते ही माणसे विकायलाच बसली आहेत.

बांध राखायची एक जुनी वहिवाट या मुलखात होती. शिलोत्री जमिनींवर सरकारी धाऱ्याखेरीज खारबांधाच्या दुरुस्तीसाठी वेगळे भात घेतले जाई. बांधामुळे ज्याचे पिकते त्याने बांधाला द्यायचे, एवढा साधा हिशेब. आज बांधामागे भाताबरोबर रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, कारखाने आहेत, उद्या इमारती येतील. लाभ घेणारे वाढले, देणारा मात्र कोणी उरला नाही. जुना हिशेब नव्या लोकांना लावा, एवढेच आम्ही म्हणतो.

हे होऊ शकते का? जगात झालेले आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क शहर पिण्याचे पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरातून आणते. शंभर वर्षांपूर्वी तिथेही मुळशीच झाली होती, शहराने सक्तीने दऱ्या घेतल्या, गावे बुडवली. पुढे १९९० च्या सुमारास सरकारने सांगितले, पाणी गाळून द्या. गाळण्याच्या कारखान्याचा खर्च अब्जावधी डॉलर. शहराने आधी डोंगरातल्या शेतकऱ्यांवर नियम लादायचा प्रयत्न केला, शेतकरी भडकले. मग बोलणी झाली, वर्षानुवर्षे झाली, आणि १९९७ साली शहर, राज्य आणि डोंगरातली गावे यांच्यात लेखी करार झाला. शहराने गोठ्यांच्या, शेणखताच्या, सांडपाण्याच्या व्यवस्थेला पैसा द्यायचा. जमीन घ्यायचीच तर स्वखुशीने विकेल त्याच्याकडून. शेती बंद करण्यापेक्षा शेती नीट चालवायला पैसा देणे शहराला स्वस्त पडले. हे कोणी उपकार म्हणून केले नाही. दोन्हीकडच्यांनी पेन्सिल घेऊन हिशेब केला.

तसा आपणही करू. हेटवण्यातून दिवसाला १५ कोटी लिटर जाते. हजार लिटरमागे फक्त एक रुपया उगमाच्या गावांसाठी धरला तर दिवसाचा दीड लाख होतो, वर्षाचे जवळजवळ साडेपाच कोटी. नवी मुंबईच्या एका घराला महिन्याला हे पंधरावीस रुपयांहून जास्त पडणार नाही. या पैशात दरवर्षी किती खांडी बुजतील, खारेपाटात किती नळ जातील, ते ज्याने एकदा बांधाचे काम केले आहे त्याने मनात मोजावे. हा पैसा खात्याकडे नको. लाभक्षेत्रातल्या ग्रामपंचायतींच्या सामाईक खात्यात, आणि हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून. सामाईक खाते म्हटले की पेणकरांच्या पोटात गोळा येतो, हे आम्हाला माहीत आहे. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांनी काय भोगले ते इथे बसलेल्या अनेकांनी भोगले आहे. म्हणूनच हिशेब वाचून दाखवण्याची अट पहिली.

जमिनीचे म्हणाल तर पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली साधारण ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि शहर स्वतः बांधले. जमीन कंपनीत गेली, पण कंपनी त्यांचीच राहिली. सगळीकडे हे जमेल असे आम्ही म्हणत नाही. तिथे शहर अगदी दाराशी आले होते, एका भावकीचा जोर होता. पेणच्या खारीत एका एकराला सात वारस. पण सिडको किंवा एमएमआरडीए किंवा दलाल, एवढेच पर्याय आहेत असे जे सांगतात ते खरे नाही.

आता टेबलावर जागा मिळण्याविषयी. महानगराचा आराखडा महानगर नियोजन समितीने करावा, तिच्यात किमान दोन तृतीयांश लोक नगरपालिका आणि पंचायतींतून निवडून गेलेले असावेत, असे घटनेतच लिहिले आहे. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने ते आले, महाराष्ट्राने १९९९ साली त्याचा कायदाही केला. कागद आमच्या बाजूचा आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात जागा लोकसंख्येच्या प्रमाणात आहेत. मुंबई-ठाण्याच्या कोट्यवधींपुढे आमच्या सरपंचांचे हात किती वर होणार? मतमोजणीत आम्ही कायमचे हरणार. म्हणून समितीतली जागा मागायचीच, पण त्यावर विसंबायचे नाही. पाणी, बांध आणि जमीन या तीन गोष्टींचे लेखी करार वेगळे हवेत, आणि त्यात रोहा रेषेबाहेर असले तरी आत धरले पाहिजे. मुळशीचे पाणी आणि धाटावची मळी ज्या नदीत येते तिचा करार त्या नदीकाठच्या गावांशीच व्हायला हवा.

चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन पडीक ठेवली, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले, तेव्हा १९३९ चा कूळकायदा आला. ते गाव इथून एका दिवसात चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आम्हाला सध्या जमीन पडीक ठेवायची गरज नाही. त्याआधीची कामे बाकी आहेत.

प्रत्येक गावाने तीन कागद तयार करायचे. या उन्हाळ्यात टँकर किती दिवस आला आणि किती दिवस चुकला. गावच्या खारबांधाला खांडी कोठे, केव्हापासून, आणि तिवरांखाली किती सातबारे गेले. नगररचना योजनेची किंवा अधिसूचनेची नोटीस कोणाला आली, कोणत्या तारखेला, हरकत नोंदवल्याची पोच आहे की नाही. रोहेकरांनी पहिल्या कागदाऐवजी कालव्याला पाणी आल्याचे दिवस लिहावेत. हे कागद ग्रामसभेत वाचून, सरपंचाच्या सहीनिशी ठरावाबरोबर जोडायचे. ठरावाचा मसुदा आमच्याजवळ आहे, जाताना प्रत्येक गावाच्या एका माणसाने घेऊन जावा. पेणचे कागद आणि रोह्याचे कागद एकाच बाडात बांधून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एमएमआरडीएकडे जातील. ज्यांच्या गावात ग्रामसेवक तारीख देत नाही त्यांनी आता, चहाच्या वेळेत, नावे सांगावीत.